दीड किलोच्या बाळाचे झबले

बाळंतपणापूर्वी बाळाचे कपडे आणू नयेत, हा संकेत आपल्या अनेक घरांत आजही पाळला जातो. त्यामुळे आठव्या महिन्यातच बाळ जन्मले की घरात तारांबळ उडते. जळगावच्या फुले मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर आजोबा झबली शोधत फिरतात. दुकानदार सर्वांत लहान माप काढून देतो. परंतु ते तीन किलोच्या बाळाचे असते. पूर्ण दिवसांच्या बाळाची लांबी सुमारे ५० सेंटिमीटर व डोक्याचा घेर ३४-३५ सेंटिमीटर असतो. बत्तीस आठवड्यांच्या बाळाची लांबी ४२ व घेर २९ च्या आसपास. साहजिकच टोपडे डोळ्यांवर घसरते आणि झबल्याचा गळा खांद्यावरून उतरतो.

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ अकाली जन्मलेले मानतात. भारतात २०२० मध्ये अशी सुमारे ३० लाख बाळे जन्मली. त्यांच्या त्वचेखाली चरबी अल्प असते आणि शरीराच्या मानाने डोके मोठे असते, म्हणून ऊब झपाट्याने निघून जाते. वाढीसाठी लागणारी शक्ती मग ऊब राखण्यातच खर्च होते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर मुद्दलच खर्ची पडते. म्हणून टोपडे ही येथे शोभेची वस्तू नसून उपचाराचा भाग आहे.

याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत १९९५ पासून घरोघरी नवजात बालकांच्या सेवेचा प्रयोग केला. गावातीलच प्रशिक्षित स्त्रिया जंतुसंसर्गावर उपचार करीत, स्तनपानास साहाय्य करीत आणि कमी वजनाच्या बाळांना उबदार पिशवीत ठेवण्यास शिकवीत. या एकत्रित सेवेमुळे नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले.

सर्वांत उत्तम वस्त्र मात्र बाजारात मिळत नाही. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झालेल्या 'कांगारू' पद्धतीत बाळाला केवळ टोपडे, मोजे व लंगोट घालून आईच्या उघड्या छातीशी उभे बांधतात. दिवसातून ८ ते २४ तास अशी जवळीक द्यावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आईला विश्रांती हवी असेल तेव्हा वडील किंवा आजीही बाळाला छातीशी घेऊ शकतात.

कपडे शिवायचेच झाले तर जुन्या, धुऊन मऊ झालेल्या मलमलीचे शिवावेत. झबले पुढून पूर्ण उघडणारे असावे, म्हणजे सलाईनची नळी व यंत्राच्या तारा न हलवता ते घालता येते. शिवण बाहेरच्या बाजूस घ्यावी. लांब बंद, मणी, लेस व सुटे धागे टाळावेत. धागा बोटाभोवती गुंडाळला गेल्यास रक्तपुरवठा थांबतो. काचपेटीत काही काळ कपडे मुळीच नको असतात. म्हणून आधी परिचारिकेस विचारावे.

ट्रंकेतील जुने दुपटे प्रेमाने काढले जाते. पण त्यास डांबरगोळ्यांचा वास असेल तर ते बाळाजवळ नेऊ नये. काही बाळांत जन्मतः एका विकराची कमतरता असते. अशा बाळांच्या तांबड्या पेशी नॅफ्थॅलीनमुळे फुटून तीव्र कावीळ होते.

खान्देशात ऋतूचेही भान हवे. डिसेंबरात तीन थर लागतील. मे महिन्याच्या उन्हात तेच थर बाळाला तापवतील. हाताने पोट व तळपाय पाहावेत. दोन्ही उबदार असतील तर ठीक. पोट उबदार व पाय गार असतील तर ऊब वाढवावी. दोन्ही गार असतील तर विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे.

कारखानदार अशी मापे क्वचितच काढतात, कारण गिऱ्हाईक थोडे आणि कपडा काही आठवड्यांतच लहान होतो. नफ्याच्या दृष्टीने हा हिशेब चूक नाही. परंतु एक मीटर मलमलीत अशी अनेक टोपडी निघतात. कापडाच्या पेढीवरील उरलेले तुकडे, घरातील शिवणयंत्र आणि महिला मंडळाची एक दुपार एवढ्यावर पुष्कळ काम होईल. शासकीय रुग्णालयातील नवजात कक्षाच्या प्रमुख परिचारिकेस भेटून कोणते माप व किती नग हवेत ते विचारावे आणि मगच कापड कापावे.

पुढच्या वेळी एखादे आजोबा दुकानाच्या पायरीवर येऊन 'याहून लहान आहे का?' असे विचारतील, तेव्हा कपाटात एक जोड तयार असावा. त्याची किंमत वहीत मांडली नाही तरी चालेल.