परत आलेला प्रबंध

दरवर्षी १४ एप्रिलच्या कार्यक्रमात आपल्या निवासी शाळेतील एखादा विद्यार्थी व्यासपीठावर उभा राहतो आणि एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बॅरिस्टर अशी बाबासाहेबांच्या पदव्यांची नामावली एका दमात म्हणून दाखवितो. टाळ्यांचा कडकडाट होतो. परंतु या पदव्या कोणत्या विषयातील आणि त्या कशा मिळाल्या, हे विचारले असता आपल्यापैकी पुष्कळांना उत्तर देता येत नाही. बॅरिस्टरी वगळता या चारही पदव्या अर्थशास्त्राच्या अभ्यासातून मिळालेल्या आहेत. पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी हा इतिहास जाणून घ्यावा, यासाठी हा लेखनप्रपंच.

संशोधनाची पदवी ही इतर पदव्यांहून वेगळी असते. एम.ए.पर्यंत विद्यार्थी दुसऱ्याने काढलेल्या प्रश्नांची उत्तरे लिहितो. संशोधकाला मात्र प्रश्नही स्वतःच शोधावा लागतो, पुरावे जमवावे लागतात आणि निष्कर्ष जाणकारांच्या कसोटीला लावावा लागतो.

बाबासाहेबांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये डी.एस्सी.साठी घेतलेला प्रश्न रुपयाचा होता. १८९३ पूर्वी कोणालाही टांकसाळीत चांदी देऊन रुपये पाडून घेता येत. १८७३ नंतर सोन्याच्या तुलनेत चांदीचा भाव घसरत गेला, तसा रुपयाही घसरला. इंग्लंडमधील देणी सोन्याच्या नाण्यात फेडावी लागत असल्याने सरकारचा बोजा वाढला. अखेर १८९३ मध्ये टांकसाळी लोकांसाठी बंद झाल्या आणि पुढे रुपयाचा दर १६ पेन्स ठरला. या व्यवस्थेचे केन्स यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाने १९१३ मध्ये समर्थन केले होते. बाबासाहेबांनी दाखवून दिले, की या व्यवस्थेत सरकार किती रुपये पाडील याला बंधन नाही, म्हणून रुपयाच्या मोलाला स्थैर्य नाही. रुपयाचे मोल घसरते तेव्हा वस्तूंचे भाव आधी चढतात, मजुरी मागाहून रखडत चढते. म्हणजे निर्यातदाराचा नफा हा कष्टकऱ्याच्या खिशातून येतो.

हा प्रबंध त्यांनी १९२२ मध्ये सादर केला. परीक्षकांनी तो दुरुस्तीसाठी परत केला. ब्रिटिश धोरणावरील टीका त्यांना तीव्र वाटली, असे चरित्रकार लिहितात. तोवर बाबासाहेबांजवळचे पैसे संपत आले होते. ते मुंबईस परतले, येथे प्रबंधाची पुनर्मांडणी केली, तो लंडनला पाठविला आणि १९२३ मध्ये पदवी मिळविली. त्याच वर्षी तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि बाबासाहेबांचे बहुतेक युक्तिवाद आपणास मान्य नाहीत, हेही तीत स्पष्ट नोंदविले. मतभेद असूनही गुरू शिष्याचे काम मोलाचे मानतो, ही विद्यापीठाची खरी शोभा होय.

कोलंबियाच्या पीएच.डी.ची कथाही अशीच दीर्घ आहे. तेथे १९१३ मध्ये त्यांनी पाऊल ठेवले. छापील ग्रंथाच्या प्रती सादर केल्यावाचून पदवी देण्याचा तेथे नियम नव्हता. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथ १९२५ मध्ये निघाला आणि पदवी १९२७ मध्ये मिळाली. म्हणजे चौदा वर्षे लागली!

येथे मला स्वतःविषयी एक कबुली द्यावयाची आहे. इतिहासात एम.ए. केल्यावर मीही संशोधनास आरंभ केला होता. पहिले प्रकरण लाल शाईच्या खुणांनी भरून परत आले. मी ते ट्रंकेत ठेवले, ते आजतागायत तेथेच आहे. नोकरी, संसार ही कारणे होतीच. पण परत आलेले लिखाण म्हणजे अपमान, असे मी मानले. परत येणे हा संशोधनाचाच भाग असतो, हे मला फार उशिरा उमगले. आपल्या मुलांना ते वेळीच कळावे.

आज ही वाट आपल्या दाराशी आली आहे. २००४ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ सोलापुरातच आहे. एम.ए.ला ५५ टक्के, आणि अनुसूचित जातींसाठी ५० टक्के गुण असले, की नेट किंवा विद्यापीठाची प्रवेश परीक्षा देता येते. त्यानंतर मुलाखत, मार्गदर्शक आणि विषय यांची निश्चिती, किमान बारा श्रेयांकांचा अभ्यासक्रम, सल्लागार समितीपुढे वेळोवेळी प्रगतीचा आढावा आणि शेवटी बाह्य परीक्षक व मौखिक परीक्षा, असा क्रम असतो. मुदत तीन ते सहा वर्षांची. महिला व दिव्यांग संशोधकांना दोन वर्षांची अधिक सवलत मिळते. बार्टीची व केंद्राची अधिछात्रवृत्ती, तसेच परदेशासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. त्यांच्या जाहिरातींवर माजी विद्यार्थ्यांनी लक्ष ठेवून धाकट्यांना कळवावे.

आणि प्रश्न? ते तर मंद्रूपच्या शिवारात पडलेले आहेत. १९१८ मध्ये बाबासाहेबांनी लहान शेतीवर निबंध लिहिला. दोष केवळ तुकड्याच्या आकारात नाही, भांडवलाचा अभाव आणि शेतीवर पडलेला माणसांचा भार यांत आहे, असे त्यांनी मांडले. ज्वारीच्या रानात ऊस आला तेव्हा मजुरीचे दिवस वाढले की घटले? बचत गटाचे कर्ज धंद्यात जाते की दवाखान्यात? सोलापुरात विड्या वळणाऱ्या बाईच्या हाती महिनाअखेर काय उरते? हे प्रश्न आपली मुले जगतात. ते विचारण्याचा पहिला अधिकारही त्यांचाच आहे.

बाबासाहेब एकटे शिकले नाहीत. सयाजीराव महाराजांनी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड दिले. मुदत संपताच त्यांना १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठविले आणि शाहू महाराज व मित्र नवल भथेना यांच्या साहाय्याने १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. आज ते साहाय्य करण्याची पाळी आपली आहे. शाळेच्या कमावत्या माजी विद्यार्थ्यांनी मिळून एका संशोधकाचा वर्षाचा खर्च जरी उचलला, तरी पुढील स्मरणिकेत पदव्यांची नामावली म्हणणाऱ्या मुलाबरोबर आपला स्वतःचा प्रश्न मांडणारी एखादी मुलगीही उभी दिसेल.

जय भीम! नमो बुद्धाय!