खेळावर पोट, नावावर पत

जुन्नर-आंबेगावकडे गावोगावच्या यात्रांत कुस्त्यांचा आखाडा भरतो. जिंकणाऱ्या मल्लाला इनाम मिळते. गोल्फ नावाच्या खेळावरही काही लोक असेच पोट भरतात. त्यांची माहिती आम्ही येथे देत आहोत.

खेळ समजायला सोपा आहे. काठीने लहान चेंडू टोलवायचा आणि सव्वाचार इंच रुंदीच्या गलीत घालायचा. अशा गली १८. ज्याचे टोले कमी, तो जिंकला.

पुण्याचे उदयन माने हे धंदेवाईक गोल्फपटू. २०२१ साली जपानमध्ये टोकियो ऑलिंपिक झाले. तेथे ते भारतातर्फे खेळले.

लोक म्हणतात, "हा तर श्रीमंतांचा खेळ!" खेळ खर्चाचा आहे खरा. पण अली शेर दिल्लीला दुसऱ्या खेळाडूंच्या काठ्या वाहत असत. तेच १९९१ साली इंडियन ओपन ही मोठी स्पर्धा जिंकले.

या खेळाडूंना महिन्याचा पगार नसतो. मोठी स्पर्धा बहुधा चार दिवस चालते. दोन दिवसांनी मागे पडलेले गळतात. त्यांचा प्रवासखर्च अंगावर पडतो. म्हणून कंपन्यांचा आधार लागतो. कंपनी पैसे देते, खेळाडू टोपीवर तिचे नाव लावतो.

पण कंपनी नुसता खेळ बघत नाही, माणूसही बघते. अमेरिकेचे टायगर वुड्स जगात पहिले होते. २००९ साली त्यांच्या खाजगी वागण्याचा बोभाटा झाला. काही कंपन्यांनी त्यांना सोडलं. हातातलं कसब तेच होतं, पत गेली होती.

कसबावर इनाम मिळते, विश्वास मात्र वागण्यावर मिळतो. आपल्या गावच्या दुकानदाराला हे ठाऊक असते. खेळाडूलाही ते ठाऊक असावे लागते.