काष्टीच्या मळ्यात बीगल

श्रीगोंदा तालुक्यातले काष्टी जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध. अशा गावात कुत्रे पाळतात ते बहुधा राखणीसाठी. बीगल त्या कामाचा नाही. तो अनोळखी माणसाशीही लगेच मैत्री करतो. मुलाबाळांच्या घरात मात्र तो छान रमतो.

ही इंग्लंडमधली, सशाच्या शिकारीसाठी जोपासलेली जात. उंची साधारण ३३ ते ४० सेंटिमीटर, वजन दहा किलोच्या आसपास, आयुष्य १२ ते १५ वर्षे. वास लागला की हाका न ऐकता तो थेट उसात शिरेल, म्हणून बाहेर नेताना साखळी हवीच. एकटा ठेवला तर हेल काढून ओरडतो. रोज तासभर तरी फिरवावे. उन्हाळ्यात पहाटे आणि दिवेलागणीला.

तो खादाड असल्याने लवकर लठ्ठ होतो. खाणे मोजूनच द्यावे. कांदा, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट त्याला घातक आहेत. लोंबते कान कोरडे ठेवावेत, गोचीड काढावेत, रेबीजची लस वेळेवर टोचून घ्यावी. उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर असतो, त्यामुळे रात्री त्याला घरातच झोपवावे. घरातल्या सगळ्यांची एवढी तयारी असेल, तरच पिल्लू आणावे.