दहा टक्क्यांचा लाभांश येतो कुठून?

ठाण्यात नौपाड्याला माझी सीएची प्रॅक्टिस आहे. अशिलांमध्ये निवृत्त माणसं पुष्कळ, आणि शेअर म्हटलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘डिव्हिडंड किती?’ कंपनी नेमकं काय करते, हे बहुतेकदा विचारायचं राहूनच जातं. २०२४ साली लंडनच्या माझ्या भाच्यानेही फोनवर तेच विचारलं. ‘मावशी, एडिंबराची एक फंड कंपनी आहे, दहा टक्के देतेय. बँकेपेक्षा दुप्पट! घेऊन टाकू का?’

कंपनी एबर्डीन. म्युच्युअल फंड आणि पेन्शन फंडांचा पैसा सांभाळणारी, ब्रिटनमधल्या मोठ्या नावांपैकी एक. मी त्याला म्हटलं, आधी हे दहा टक्के आले कसे ते बघ.

कंपनी शेअरमागे वर्षाला १४.६ पेन्स देते, ७.३ चे दोन हप्ते. तेव्हा शेअर दीड पाउंडाच्या आसपास होता. भागाकार केला की दहा टक्के येतात. २०१७ साली स्टँडर्ड लाइफ आणि जुनी एबर्डीन यांच्या विलीनीकरणातून ही कंपनी झाली, तेव्हा हाच शेअर चार पाउंडांच्या वर होता आणि लाभांश २१ पेन्सांच्या पुढे. म्हणजे लाभांश वाढलेला नाहीच, उलट २०२० च्या वर्षासाठी तो २१.६ वरून १४.६ वर आणला, एक तृतीयांश कापला. भाव मात्र त्याहून जोरात पडला, म्हणून टक्केवारी फुगली. अशी टक्केवारी बक्षीस नसते. लाभांश पुन्हा कापला जाईल, ही बाजाराची शंका त्या आकड्यात दडलेली असते.

शंकेला कारणं होती. फंड कंपनीची कमाई म्हणजे सांभाळलेल्या रकमेवरची टक्केवारी. रक्कम गेली की फी त्याच दिवशी जाते. पगार, कचेऱ्या, संगणक यांचा खर्च मात्र जागच्या जागी राहतो. त्यामुळे पैसा थोडा आटला तरी नफा जास्त आटतो. विलीनीकरणाला वर्ष व्हायच्या आत लॉइड्स बँकेच्या समूहाने १०९ अब्ज पाउंडांचं काम काढून घेण्याची नोटीस दिली; विलीनीकरणामुळे कंपनी आपली स्पर्धक झाली, असं त्यांचं म्हणणं. त्यात ग्राहक स्वस्त इंडेक्स फंडांकडे वळत होते. २०२२ आणि पुन्हा २०२३ मध्ये कंपनी लंडनच्या पहिल्या शंभरांच्या निर्देशांकातून बाहेर पडली. जानेवारी २०२४ मध्ये सुमारे ५०० नोकऱ्या कमी करण्याची घोषणा झाली.

आता मूळ प्रश्न. १४.६ पेन्स वाटायला वर्षाला साधारण २६ कोटी पाउंड लागतात. २०२४ मध्ये धंद्यातून निव्वळ भांडवल, म्हणजे वाटण्याजोगी शिल्लक, तयार झालं सुमारे २४ कोटींचं. वरचे दोन कोटी कुठून आले?

इथे गोष्ट चर्चगेटला येते. एचडीएफसी म्युच्युअल फंड चालवणारी एचडीएफसी एएमसी १९९९ मध्ये उभी राहिली, तेव्हापासून स्टँडर्ड लाइफ तिची भागीदार होती. एचडीएफसी लाइफ या विमा कंपनीतही त्यांचा वाटा पहिल्यापासून. आपल्याकडे एसआयपीचं वारं आलं, दोन्ही कंपन्या वाढल्या, शेअर बाजारात आल्या. मग एडिंबराने आपला वाटा टप्प्याटप्प्याने विकायला काढला. मे २०२३ मध्ये एचडीएफसी लाइफमधला शेवटचा हिस्सा गेला, जूनमध्ये एएमसीमधला. त्याआधी, २०१८ मध्ये, कंपनीने स्वतःचा विमा व्यवसाय फीनिक्स समूहाला विकला होता. हा सगळाच पैसा लाभांशात गेला असं नाही. काहीतून शेअरची पुनर्खरेदी झाली, आणि २०२२ मध्ये ‘इंटरॅक्टिव्ह इन्व्हेस्टर’ हा गुंतवणुकीचा ऑनलाइन मंच सुमारे दीड अब्ज पाउंडांना घेतला. पण धंदा कमी पडत असताना लाभांश पुन्हा न कापण्याची ऐपत या विक्रीनेच दिली. पगार पुरत नाही म्हणून एफडी मोडून घरखर्च चालवावा, तसं. चालतं, एफडी आहे तोवर.

जिचे शेअर विकले तिच्याकडेही बघा. एचडीएफसी एएमसीने २०२३-२४ मध्ये शेअरमागे सुमारे ९१ रुपये कमावले आणि ७० रुपये वाटले. भावाच्या मानाने हा लाभांश दोनेक टक्केच, म्हणून माझे अशील नाक मुरडतात. पण तो दरवर्षीच्या कमाईतून येतो. त्यासाठी काही विकावं लागलेलं नाही.

मग एबर्डीनचा लाभांश टिकेल का? माझं मत: नजीकच्या काळात टिकेल. इंटरॅक्टिव्ह इन्व्हेस्टर चांगलं कमावतंय. खर्चकपातीतून वर्षाला १५ कोटी पाउंड वाचवायचं ठरलं होतं. जुन्या पेन्शन योजनेत जमलेल्या शिलकीतून २०२५ च्या मध्यापासून वर्षाला साडेतीन कोटींचा हातभार आहे. २०२६ मध्ये ३० कोटींचं भांडवल निर्माण करण्याचं उद्दिष्ट आहे. ते गाठलं तर २६ कोटी निघून थोडं उरेल. पण लाभांश वाढेल ही आशा नको. संचालक मंडळानेच सांगून ठेवलंय की निर्माण झालेलं भांडवल लाभांशाच्या दीडपट होईपर्यंत आकडा १४.६ वरच राहील. दीडपट म्हणजे ३९ कोटी. ते अजून लांब आहे. दरम्यान ऑक्टोबर २०२२ मध्ये ब्रिटनची महागाई ११.१ टक्क्यांवर जाऊन आली. २०२० च्या १४.६ पेन्सांत जेवढी भाजी यायची, तेवढी आजच्या १४.६ पेन्सांत येत नाही. टिकला म्हणायचा तो आकडा. त्याची किंमत आधीच घटली आहे.

भाच्याला मी सांगितलं, घ्यायचे तर घे, पण लाभांशाच्या तारखा बघत बसू नकोस. दर सहामाहीला ग्राहकांचा किती पैसा आला आणि किती गेला, तेवढं वाच. लाभांशाचं भवितव्य त्या ओळीत ठरतं.

आपल्याकडच्या कंपन्यांसाठी माझ्या अशिलांना मी याहून सोपी सवय लावते. वार्षिक अहवालातलं कॅश फ्लो स्टेटमेंट उघडायचं. वरच्या भागात धंद्यातून आलेली रोकड असते, खालच्या भागात दिलेला लाभांश. सलग दोन-तीन वर्षं वरचा आकडा खालच्यापेक्षा कमी दिसला, तर मधल्या भागात कंपनीने काय विकलं ते शोधायचं, आणि विकण्यासारखं आणखी काय उरलंय तेही.