कागदाचा लष्करी ट्रक बनवायचाय? आधी प्रिंटचं सेटिंग बघा

खऱ्या गाडीची मापं ठरावीक प्रमाणात लहान करून, तिचे भाग कागदावर छापायचे, कापायचे आणि चिकटवायचे, की झालं कागदी स्केल मॉडेल. मी सध्या दुसऱ्या महायुद्धातल्या जीएमसी सीसीकेडब्ल्यू या अमेरिकन ट्रकचं मॉडेल करतोय. त्याच्याच उदाहरणाने बघूया.

हाच ट्रक का?

1944 मध्ये दोस्त राष्ट्रांचं सैन्य फ्रान्समध्ये झपाट्याने पुढे सरकलं, पण बॉम्बहल्ल्यांत रेल्वे मोडून पडली होती. पेट्रोल आणि दारूगोळा पोचला नसता तर रणगाडे जागेवरच थांबले असते. म्हणून ऑगस्ट ते नोव्हेंबर ‘रेड बॉल एक्सप्रेस’ नावाने रात्रंदिवस ट्रक धावले. त्यात मुख्यतः हाच ट्रक होता. बहुसंख्य ड्रायव्हर कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिक होते, आणि त्यांना त्यांच्याच सैन्यात वेगळ्या तुकड्यांमध्ये ठेवलं जायचं. रणगाड्यांची मॉडेल्स सगळेच करतात, म्हणून मी ट्रक निवडला.

स्केलचं गणित

1:25 म्हणजे खरं माप भागिले 25. लांब चासीचा हा ट्रक साधारण 6.5 मीटर, म्हणजे मॉडेल 26 सेंटीमीटर. रुंदी साधारण 2.24 मीटर, म्हणजे जवळपास 9 सेंटीमीटर.

आता खरी गंमत. फोनवरून प्रिंट देताना ‘फिट टू पेज’ चालू असेल, तर पान थोडं लहान छापलं जाऊ शकतं. सगळी पानं सारखीच लहान झाली तर निभावतं. पण चासीचं पान 100 टक्क्यांवर आणि हौद्याचं 97 टक्क्यांवर आलं, तर 26 सेंटीमीटरमागे जवळपास 8 मिलिमीटरचा फरक पडतो. मग भाग जुळतच नाहीत, आणि कळतं ते सगळं कापून झाल्यावर!

म्हणून हे करा:

1. झेरॉक्सवाल्याला पीडीएफ व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटो किंवा स्क्रीनशॉट नको, त्यात माप आणि स्पष्टपणा दोन्ही जातात.
2. ‘ॲक्च्युअल साइज’ किंवा 100 टक्के निवडायला सांगा.
3. आधी एकच पान काढा, पट्टीने मोजा, मगच बाकीची छापा.

मॉडेल लहान हवंय?

1:25 चं 1:35 करायचं तर प्रिंट 71.4 टक्क्यांवर घ्या. पण कागदाची जाडी प्रिंटर कमी करत नाही! जिथे 1 मिलिमीटरचा पुठ्ठा लावायला सांगितलंय, तिथे साधारण 0.7 चा लावा. चाकांमध्ये हे लगेच जाणवतं. या ट्रकला पुढे 2 आणि मागे 8 अशी 10 चाकं आहेत. पुठ्ठ्याच्या गोल चकत्या एकावर एक चिकटवून चाक बनतं. जाडी चुकली की मागची जोडचाकं हौद्याबाहेर डोकावतात.

कापताना

160 ते 200 जीएसएमचा कागद घ्या. घडी घालण्याआधी रिकाम्या बॉलपेनने पट्टीलगत रेघ ओढा, म्हणजे घडी सरळ बसते. ताडपत्रीचं गोल छत पेन्सिलीवर हलकेच फिरवून वळवा. इंकजेटची शाई पाण्याने पसरते, त्यामुळे फेविकॉल अगदी थोडाच लावा. कापलेल्या पांढऱ्या कडा त्याच हिरव्या रंगाने रंगवा.

सुरुवात चासीपासून करा. ती सरळ आली, तर ट्रक दहाही चाकांवर नीट उभा राहतो.