मक्याची भाकरी आणि चुन्याचें पाणी

गेल्या दिवाळीच्या सुट्टींत कांहीं विद्यार्थ्यांनीं आम्हांस ठाण्यांतील एका मेक्सिकन उपाहारगृहांत जेवावयास नेलें. मंडळी कल्याण-डोंबिवलीची होती; त्यांपैकीं एका आगरी विद्यार्थ्याची आजीही बरोबर आली होती. तेथें जो पदार्थ आम्हीं खाल्ला त्यास 'टाको' म्हणतात. हा शब्द हल्लीं मुलांच्या तोंडीं वारंवार येतो. परंतु हा पदार्थ मूळचा कसा, व आपला त्याच्याशीं कांहीं संबंध आहे काय, असें विचारलें तर बहुतेक गप्प बसतात. म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

अशा ठिकाणीं थाटमाट फारसा नसतो. गल्ल्यापाशीं जाऊन पदार्थ सांगावयाचा, पैसे द्यावयाचे, आणि नंबर पुकारला कीं थाळी आपणच उचलून आणावयाची. थाळींत तळहाताएवढ्या पातळ भाकऱ्या असतात. त्यांचें नांव 'तोर्तिया'. त्यांवर कोंबडीचें मांस, पनीर किंवा राजमा. वर बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबाचा रस आणि टोमॅटो-मिरचीची ओली चटणी, म्हणजे 'साल्सा'. भाकरी मधोमध दुमडून हातानेंच खावयाची. टाको सरळ धरून मान कलती करावी. टाको कलता केल्यास सारण अंगावर सांडतें. सदऱ्यावर साल्साचा डाग पडल्यानंतर हें ज्ञान आम्हांस प्राप्त झालें.

आजीबाईंनीं भाकरी बोटांनीं चाचपून पाहिली आणि नातवाला म्हणाल्या, "अरे पोरा, ही तर मक्याची. पण मक्याची भाकरी अशी दुमडत नाहीं, मोडते. ह्यांनीं हिला काय केलें रे?"

प्रश्न मोठा मार्मिक होता. गव्हाच्या कणकेंत चिवट द्रव्य असतें, म्हणून पोळी लाटतां येते. तांदूळ, ज्वारी, मका यांच्या पिठांत तें नसतें. यासाठींच आपल्या आगरी-कोळी घरांत तांदळाचें पीठ उकळत्या पाण्यांत घालून त्याची उकड काढतात. तिनें पिठास चिकटपणा येतो. मेक्सिकोंतील बायकांनीं मक्यासाठीं निराळी युक्ति शोधिली. सुके दाणे चुन्याच्या पाण्यांत शिजवून रात्रभर तसेच ठेवावयाचे, सकाळीं स्वच्छ धुवून टरफलें काढावयाचीं, आणि ओले दाणे पाट्यावर वाटावयाचे. चुन्यानें दाण्याचें कवच सुटतें, पीठ मऊ होऊन एकजीव मिळून येतें, व भाकरी दुमडली तरी मोडत नाहीं. अशा मक्यास तिकडे 'निश्तमाल' म्हणतात. नाहुआत्ल भाषेंतील ह्या नांवांत 'राख' हा अर्थ आहे. कारण चुन्याऐवजीं लांकडाची राखही चालते. ही रीति तीन हजार वर्षांहून जुनी आहे. ज्या चुन्याचें बोट आपण विड्याच्या पानास लावतों, त्याच चुन्याचा हा गुण!

परंतु चुन्याचें खरें काम भाकरी दुमडण्यापुरतें नाहीं. पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पॅनिश लोकांनीं मका युरोपांत नेला. तेथें तो स्वस्त म्हणून गरिबांचें मुख्य अन्न झाला. पण चुन्याची रीति मागेंच राहिली. पुढें स्पेन व इटली देशांत मक्यावरच जगणाऱ्या लोकांत एक भयंकर रोग पसरला. कातडी काळवंडून खरखरीत व्हावी, जुलाब लागावे, बुद्धि भ्रमावी, आणि शेवटीं मृत्यु यावा. स्पेनमधील वैद्य कासाल याला हा रोग इ. स. १७३५ मध्यें आढळला. इटलींत त्यास 'पेलाग्रा' हें नांव पडलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेच्या दक्षिण भागांतही त्यानें कहर केला. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनीं १९१४ पासून शोध करून दाखविलें कीं, हा रोग जंतूंचा नव्हे, निकस अन्नाचा आहे. १९३७ सालीं एल्व्हेजेम यांस तें उणें असलेलें द्रव्य सांपडलें. आज आपण त्यास नायसिन म्हणतों. मक्यांत तें असतें, पण बद्ध असल्यामुळें अंगीं लागत नाहीं; चुना त्यास मोकळें करतो. मेक्सिकोंत तोच मका खाऊनही हा रोग विरळा, त्याचें एक मोठें कारण हेंच. व्यापाऱ्यांनीं धान्य नेलें, परंतु तें शिजविणाऱ्या बायकांस कोणीं कांहीं विचारलें नाहीं. आपल्या दख्खनच्या पठारावरही, हैदराबादेकडील केवळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांत पेलाग्रा आढळला, व १९६० च्या सुमारास डॉ. गोपालन यांनीं त्याचा अभ्यास केला.

आतां हा पदार्थ परका म्हणावा काय? मका, मिरची, टोमॅटो व राजमा हीं सर्व अमेरिका खंडांतून आलीं. मिरची आपल्या किनाऱ्यावर आणिली पोर्तुगीजांनीं; खुद्द ठाणें १७३७ पर्यंत त्यांच्याच अमलाखालीं होतें. मामलेदार कचेरीजवळच्या ज्या मिसळीचा ठाणेकरांस अभिमान वाटतो, तिचा लाल कट मिरचीवांचून कसा होणार? तिच्याबरोबरच्या पावाचें नांवही पोर्तुगीजच. उलट टाकोवरील कांदा, कोथिंबीर व लिंबू हीं समुद्रापलीकडून मेक्सिकोंत गेलीं. कडक तळलेला, होडीच्या आकाराचा जो टाको पुष्कळांस ठाऊक असतो, त्याचा प्रसार मेक्सिकोनें नव्हे, अमेरिकेनें केला. १९६२ सालीं कॅलिफोर्नियांत निघालेल्या टाको बेल कंपनीचा त्यांत मोठा वांटा आहे. ह्या कंपनीचें भारतांतील पहिलें दुकान २०१० सालीं बंगळुरांत उघडलें; आणि त्याच वर्षीं युनेस्कोनें मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेस मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें.

निघतांना आम्हीं आचाऱ्यास आजीबाईंचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, "गुरुजी, आमचें पीठ चुन्यांत शिजविलेल्या मक्याचें, पोत्यांतून तयारच येतें. साध्या मक्याच्या पिठानें हें काम होत नाहीं." आजीबाईंनीं समाधानानें मान हलविली.

परततांना लोकलमध्यें आम्हीं मुलांस सहज विचारलें कीं, तांदळाची उकड कशी काढतात व भाकरी कशी थापतात, हें कोणास येतें काय? कोणासच येत नव्हतें. खरें सांगावयाचें तर आम्हांसही नाहीं. तांदूळ आपल्या घरांत आहे, पण त्याची रीति एका पिढींत मागें पडूं शकते, हें त्या वेळीं आमच्या ध्यानीं आलें. मग तो विद्यार्थी आजीला म्हणाला, "आजी, पाणी किती घालायचें?"

"मापानें नाहीं रे सांगतां यायचें," आजीबाई म्हणाल्या. "उद्यां सकाळीं माझ्याजवळ उभा राहा. हात घातल्यावांचून कळत नाहीं."

इतक्यांत डोंबिवली आली, आणि तीं दोघें उतरलीं.