वाट राखणाऱ्यांची कदर

शनिवारी रात्री दादर स्टेशनवर उभे राहिलात, तर कसारा किंवा कर्जतची शेवटची लोकल पकडायला आलेली तरुण मुलं दिसतील. बहुतेकांच्या पाठीवर सॅक असते, पण एखाद्याच्या सॅकमधून फावड्याचा दांडा डोकावत असतो. लालबाग, परळ, गिरगावातली ही मुलं गडावर श्रमदानाला निघालेली असतात. बुजलेली टाकी उपसायची, पायऱ्यांवरची माती काढायची, वाट मोकळी करायची, आणि सोमवारी पुन्हा कामावर हजर. अशा माणसांची कदर समाजानं कशी करायची, हा आज आपल्यापुढचा प्रश्न आहे.

आधी वाट टिकते कशी ते पाहू. ज्या गडवाटांवर आज आपण चालतो, त्यांतल्या कित्येकांवरून एकेकाळी घोडी आणि ओझ्याचे बैल चालत. नाणेघाटातून तर सातवाहनांच्या काळापासून व्यापारी तांडे चढले. जनावराची वाट माणसाच्या वाटेपेक्षा जास्त मागते. मोठ्या घोड्याचं वजन ४०० किलोच्या पुढे जातं आणि ते चार खुरांवर उतरतं. वर स्वार बसलेला असतो, म्हणून फांद्या साधारण १० फुटांपर्यंत छाटाव्या लागतात.

पण वाट सगळ्यात जास्त बिघडते ती पाण्यानं. पाणी वाटेवरून वाहू लागलं की माती जाते आणि वाटेची घळ होते. मग लोक कडेनं चालतात, तिथली माती सुटते, वाट आणखी रुंद होते. माथेरानला घोड्यांच्या तांबड्या वाटा पाहिल्या असतील, तर हे लगेच पटेल. उपाय साधा आहे. वाटेवर तिरके दगड रचायचे आणि पाणी बाजूला काढून द्यायचं. अडचण अशी, की ते चर गाळानं भरतात, म्हणून दरवर्षी कुणीतरी ते उपसावे लागतात. आणि उपसले, तर येणाऱ्याला काहीच दिसत नाही! त्याला वाटतं, वाट मुळातच चांगली आहे.

इथे तत्त्वज्ञानाचा प्रश्न सुरू होतो. हॅना आरेंट यांनी १९५८ च्या ‘द ह्यूमन कंडिशन’ या ग्रंथात श्रम आणि निर्मिती यांत फरक केला. निर्मितीतून टिकणारी वस्तू उरते. श्रम मात्र रोज करावे लागतात आणि मागे काही ठेवत नाहीत. आपली सन्मानाची पद्धत निर्मितीला जोखणारी आहे. मशीद बंदरच्या भात बाजारात केशवजी नायक यांची १८७६ सालची पाणपोई आहे. बांधणाऱ्याचं नाव टिकलं, ते योग्यच झालं. पण ती रोज धुऊन-पुसून ठेवणाऱ्यांची नावं कुणाला ठाऊक आहेत?

कुणी म्हणेल, सेवाच करायची तर कदर कशाला हवी? गीतेनं फळाची अपेक्षा ठेवू नका असं सांगितलंय ना? हो, सांगितलंय, पण ते करणाऱ्याला. बाकीच्यांनी कृतघ्न राहावं, असं त्यातून निघत नाही. गाडगेबाबांचं उदाहरण घ्या. हाती खराटा घेऊन गाव झाडणारे बाबा कुणाला पाया पडू देत नसत. मग त्यांची कदर करायची कशी? दादरच्या त्यांच्या धर्मशाळेत टाटा हॉस्पिटलला येणारे रुग्ण आजही उतरतात, आणि २००० साली त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं तेव्हा गावोगावच्या लोकांनी हातात झाडू घेतले. काम पुढे चालू राहणं, हा त्यांचा खरा सत्कार.

आमची स्वतःची चूकही सांगायला हवी. काही वर्षांपूर्वी एका समारंभात आम्ही अध्यक्ष होतो. गडावर काम करणाऱ्या एका मुलाला शाल-श्रीफळ दिलं, त्यागावर अर्धा तास बोललो. चहाच्या वेळी तो म्हणाला, “सर, घरी अकरा शाली झाल्यात. पहार मात्र दर खेपेला गडाखालच्या गावातून मागून आणतो.” आम्ही त्याचं कौतुक केलं होतं, त्याला काय लागतं, हे विचारलंच नव्हतं.

घोडेस्वारांच्या जगात याचं एक चांगलं उत्तर सापडतं. अमेरिकेत १९७३ साली मोंटानात ‘बॅक कंट्री हॉर्समेन’ ही संघटना निघाली. तिचे स्वयंसेवक रानातल्या घोडवाटा राखतात आणि केलेल्या कामाच्या तासांची नोंद ठेवतात. तिथल्या राष्ट्रीय वनांसाठी त्याआधीच, १९७२ साली, स्वयंसेवकांचा कायदा झाला होता. त्यानुसार स्वयंसेवकाचा प्रवास, जेवण असा खर्च देता येतो, आणि काम करताना इजा झाली तर भरपाईपुरता तो सरकारी कर्मचारी मानला जातो. म्हणजे समाज त्याला सांगतो, तू पडलास तर आम्ही आहोत.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तामिळनाडूतला जिंजी. आपण आनंदानं पेढे वाटले. आता तिथे जाणारी पावलं वाढतील, वाटा जास्त झिजतील. तेव्हा कदर तीन गोष्टींनी करू या. एक, नोंद: कुणी, कुठे, किती तास काम केलं हे वहीत लिहिलं जावं. दोन, आधार: अवजारं, प्रवासखर्च, विमा. तीन, विचारणा: संरक्षित वास्तूत परवानगीशिवाय दगड हलवता येत नाही आणि ते बरोबरच आहे, पण पुरातत्त्वाच्या जाणकारांनी या मुलांना शिकवावं, आणि पाणी कुठून फुटतं, हे त्यांना विचारावं. दर पावसाळ्यानंतर ती तिथे असतात, त्यांना ते माहीत असतं.

शाल द्यायला हरकत नाही. फक्त पुढच्या शनिवारी दादरला त्यांच्यापैकी कुणी भेटलं, तर आधी विचारा, “पहार आहे का?”